वीस सेकंदांची क्लिक

साठ गोळ्या संपल्या तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. शंभर यार्डांवरच्या माझ्या कागदाची चाळणी झाली होती, पण रायफल नेमकी इथे मारते असं म्हणून बोट ठेवावं अशी एकही जागा त्या चाळणीत नव्हती. गोळी खाली लागली की मी दुर्बिणीचं वरचं टरेट, म्हणजे नेम सरकवायची गोल घुंडी, दोन क्लिक फिरवायचो. पुढची गोळी वर आणि डावीकडे जायची. मग दोन क्लिक खाली, तीन उजवीकडे. त्यानंतरची आणखी तिसरीकडेच. शेजारच्या टेबलावर आमच्या क्लबातले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. तासभर ते काही बोलले नाहीत. मी रायफल रिकामी करून बोल्ट (गोळी नळीत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) काढून ठेवला तेव्हा ते उठून आले, खिशातून छोटा पाना काढला आणि माझ्या परवानगीनं दुर्बिणीच्या पुढच्या रिंगेच्या स्क्रूला लावला. दोन बोटांच्या जोरावर तो स्क्रू पाव फेरा फिरला.

“आता आणखी गोळ्या झाडू नकोस,” ते म्हणाले. “घरी जा, सगळं खोल आणि पहिल्यापासून बसव. तुझ्या हातांनी.”

दुर्बीण मी दुकानातून बसवून आणली होती. पैसे मोजले, माणसानं पंधरा मिनिटांत काम केलं, मीही बघितलं नाही. चूक त्यांची होतीच, पण ज्या कामावर पुढचं सगळं अवलंबून आहे ते काम मी न तपासता घरी आणलं, हे मला जास्त लागलं. मी स्थापत्य अभियंता आहे. मूळचा सांगलीचा, गेली सोळा वर्षं कोलोरॅडोत पाण्याच्या पाइपलाइनींची कामं बघतो. साइटवर आलेली लेव्हल मशीन मी तपासल्याशिवाय वापरू देत नाही.

थोडं या खेळाबद्दल सांगतो. याला एफ-क्लास म्हणतात. जॉर्ज फार्कहारसन या कॅनडातल्या नेमबाजाच्या आडनावाचं ते पहिलं अक्षर. वय झालं की दुर्बिणीशिवाय नेम धरायला डोळे साथ देत नाहीत, अशा जुन्या नेमबाजांना खेळत राहता यावं म्हणून त्यांनी दुर्बीण आणि टेकू चालेल असा हा प्रकार काढला. पालथं झोपायचं, रायफल पुढे टेकूवर, मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी, आणि समोर एक हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, लक्ष्य. त्याचं दहा गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं. आत ५ इंचांचं एक्स. मध्यापासून पाच इंच हललात की नऊ. माझी रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची, दुर्बीण पाच ते पंचवीस पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं, नळकांडं ३४ मिलिमीटर जाडीचं.

आणि टरेटची एक क्लिक ०.१ मिलची. मिल म्हणजे मिलिरेडियन, रेडियनचा हजारावा भाग. हजार यार्डांवर एक मिल म्हणजे एक यार्ड, ३६ इंच. त्याचा दशांश, म्हणजे एक क्लिक, ३.६ इंच. त्या दिवशी घरी परतताना गाडीत मी हा कोन मनातल्या मनात अंश-मिनिट-सेकंदात बदलला. एक मिल म्हणजे सुमारे २०६ सेकंद, तर एक क्लिक २०.६ सेकंद. हा आकडा ओळखीचा वाटला. कॉलेजात सर्व्हेइंगच्या प्रात्यक्षिकाला आम्ही जो व्हर्नियर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, वापरायचो त्याचं लघुत्तम माप २० सेकंद होतं!

तेवढ्यानं माझा दृष्टिकोन बदलला. रायफलीवर बसवलेली ही वस्तू म्हणजे एक मोजणीचं यंत्र आहे, फक्त ते प्रत्येक मोजणीनंतर धक्का खातं. थिओडोलाइट तिवईवर ठेवून कोणी लगेच कोन वाचायला लागत नाही. आधी मध्य साधायचा, मग समतल करायचा, मग लंबन (डोळा हलला की तारा लक्ष्यावरून सरकल्यासारख्या दिसतात ते) घालवायचं, आणि हे याच क्रमानं. एक टप्पा नीट झाला नाही तर पुढच्या टप्प्यात त्याची चूक मिसळते, आणि मिसळलेल्या चुका नंतर वेगळ्या काढता येत नाहीत. साठ गोळ्यांत मी दुसरं काय केलं होतं? सैल स्क्रू, दुर्बिणीतली नेमाची तिरकी फुली, न साधलेलं लंबन आणि माझा चाप ओढणारा हात, या सगळ्यांची बेरीज मी एकट्या टरेटनं दुरुस्त करायला निघालो होतो.

त्या रात्री गॅरेजमध्ये काम सुरू केलं. काडतुसं घरातल्या दुसऱ्या खोलीत कपाटात कुलूपबंद, बोल्ट काढून बाजूला, नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही हे स्वतः बघितलं आणि बायकोलाही दाखवलं. ही सवय कितीही कंटाळवाणी वाटली तरी सोडायची नाही.

खोलल्यावर जे दिसलं ते असं. पुढच्या रिंगेचे दोन स्क्रू सैल. मागच्या रिंगेचे इतके आवळलेले की नळकांड्यावर बारीक वळ उठला होता. रिंगांच्या खालची रेल, जी रायफलीच्या पाठीवर चार स्क्रूंनी बसते, तिच्या एका स्क्रूच्या आट्यांत तेल. तेल लागलेला स्क्रू पाना सांगतो त्यापेक्षा जास्त ताणला जातो, कारण घर्षण कमी होतं आणि पान्याला ते कळत नाही. सगळे आटे स्पिरिटनं पुसून कोरडे केले.

ही रेल सपाट नसते, हे बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं. माझी पुढच्या बाजूला कोनाच्या २० मिनिटांनी उतरती आहे. दुर्बिणीच्या आत फुली धरणारी जी नळी असते तिला वर-खाली सरकायला मर्यादित जागा असते. सपाट रेलवर ती साधारण मध्यावर राहते आणि निम्मी जागा कधी न लागणाऱ्या दिशेला वाया जाते. लांबच्या माराला गोळी खाली येत जाते, तेवढी दुर्बीण वर चढवत न्यावी लागते. म्हणून रेललाच थोडा उतार दिला की सुमारे ५.८ मिलची चढण उपयोगाच्या बाजूला येते. पाइपलाइनीला आपण सुरुवातीलाच उतार देतो, पंपाच्या भरवशावर राहत नाही, तसंच हे.

रिंगा रेलच्या खाचांत बसवताना एक बारीक गोष्ट आहे जी मला क्लबातल्या त्या गृहस्थांनी फोनवर सांगितली. रिंगेखाली एक आडवी पट्टी असते. ती खाचेत बसली की आवळण्याआधी रिंग नळीच्या तोंडाकडे, पुढे ढकलून धरायची. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते, दुर्बीण आपल्या वजनानं जागीच राहू बघते, म्हणजे रायफलीच्या हिशेबात ती पुढे सरकते. आधीच पुढे टेकलेली असेल तर तिला सरकायला जागा उरत नाही. नाहीतर पहिल्या पाच-दहा गोळ्यांत ती स्वतःच सरकून टेकते आणि तोवर केलेला सगळा हिशेब फुकट जातो.

खालच्या पकडीचे नट ६५ इंच-पाउंड (हे टॉर्कचं, आवळण्याच्या जोराचं माप), हा माझ्या रिंगा बनवणाऱ्यांनी दिलेला आकडा. वरच्या टोप्यांचे स्क्रू १८. तुमच्या रिंगांचे आकडे वेगळे असतील, त्यांच्याबरोबर आलेला कागद बघा. अंदाजानं आवळू नका. मीही वर्षानुवर्षं हातानं नट आवळले आहेत आणि हाताला कळतं असा मला अभिमान होता. टॉर्कचा पाना घेतल्यावर कळलं की माझ्या हाताचं ‘बेताचं’ म्हणजे जवळपास तीस होतं.

टोप्या पक्क्या करण्याआधी डोळ्याचं अंतर. दुर्बीण सर्वांत जास्त पटीवर, म्हणजे पंचवीसवर ठेवायची, कारण तिथे डोळ्याला मुभा सगळ्यांत कमी असते. गॅरेजच्या फरशीवर सतरंजी टाकली, स्पर्धेला घालतो ते जाड जाकीट चढवलं (जाकिटाच्या जाडीनं खांदा अर्धा-पाऊण इंच मागे जातो), पालथा झोपलो, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवला, मान सैल सोडली आणि मग डोळे उघडले. काठावर काळी चंद्रकोर. दुर्बीण थोडी मागे. पुन्हा डोळे मिटून तेच. चौथ्या खेपेला डोळे उघडताच पूर्ण गोल चित्र दिसलं, मान न हलवता. भुवईपासून मागच्या भिंगाच्या कडेपर्यंत साधारण नऊ सेंटिमीटर. यात घाई करणाऱ्यांच्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेचा अर्धगोल व्रण मी बघितलेला आहे.

मग मागच्या भिंगाचं फोकस. इथे कॉलेजातलं शिक्षण सरळ कामाला आलं. थिओडोलाइटच्या पुढच्या भिंगासमोर पांढरा कागद धरायचा आणि मागचं भिंग फिरवून तारा काळ्याभोर, रेखीव करायच्या. इथेही तेच, पांढरी भिंत चालते. फक्त एकटक बघत राहायचं नाही. डोळा समजूतदार असतो, अंधुक रेषाही तो दोन सेकंदांत स्वतः ताण घेऊन स्पष्ट करून देतो आणि आपल्याला वाटतं फोकस झालं. म्हणून बाहेर बघायचं, मग क्षणभर आत, नजर पडताक्षणी रेषा रेखीव दिसते का तेवढंच बघायचं, पुन्हा बाहेर. माझं वय सत्तेचाळीस. मला यावर वीस मिनिटं लागली, आणि ती लागलीच पाहिजेत. हे कच्चं राहिलं तर पुढे लंबन कधीच पूर्ण जात नाही.

आता फुली सरळ करायची. या कामासाठी मी वडिलांचा पितळी ओळंबा काढला. वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आयुष्य शेतांच्या बांधांवर गेलं त्यांचं. मी इकडे यायला निघालो तेव्हा हा ओळंबा त्यांनी कपड्यांच्या घडीत ठेवला होता.

फुली तिरकी राहिली तर काय होतं? हजार यार्डांना मला सुमारे आठ मिल वर चढायचं असतं. रायफल एका अंशानं जरी कलली असेल तर ही चढण सरळ वर न जाता थोडी बाजूला जाते. आठ मिलचा एक अंश कललेला भाग म्हणजे ०.१४ मिल. हजार यार्डांवर पाच इंच. बाकी सगळं बिनचूक असलं तरी दहाच्या वर्तुळाच्या काठावर जाऊन बसलात. आणि शंभर यार्डांवर याचा पत्ताच लागत नाही, कारण तिथे चढणच शून्य असते.

रेल पाणसळीनं समतल करून रायफल शिकंज्यात धरली. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर ओळंब्याची दोरी सोडली, लंबक थांबू दिला. दिवे घालवले. बायकोनं दुर्बिणीच्या पुढच्या भिंगासमोर बॅटरी धरली, आणि मागच्या भिंगातून भिंतीवर उजेडाचं एक गोल वर्तुळ पडलं, त्यात फुलीची सावली. बारीक खुणांसकट. उभी रेघ दोरीच्या शेजारी स्पष्ट तिरकी दिसत होती. दुकानातून आली तशीच मी आधी ठेवून बघितली होती, तिथे तर तीन अंशांहून कमी नसेल. नळकांडं हलक्या हातानं फिरवत सावलीची रेघ दोरीवर आणली. दोरी दिसेनाशी झाली.

“आता हलू नकोस,” बायको म्हणाली. ती हे मला सांगत होती की दुर्बिणीला कोण जाणे, पण टोप्या आवळायला घेतल्या आणि दुर्बीण हललीच. स्क्रू एका बाजूनं आवळला की टोपी नळकांड्याला आपल्याबरोबर वळवते. खोललं, पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदाही थोडी गेली. तिसऱ्या वेळी प्रत्येक स्क्रू पाव-पाव फेरा, कोपऱ्याला कोपरा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, आणि दर फेरीनंतर भिंतीकडे नजर. अठरावर पाना टकटक वाजला तेव्हा सावली दोरीवरच होती. मग दुर्बिणीच्या नळकांड्यावर छोटी पाणसळ बसवली, तिचा बुडबुडा याच स्थितीत मध्यावर आणून तीही पक्की केली. शेवटी बायकोच्या नखांच्या लाल पॉलिशनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेपर्यंत एक बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आमच्या पंपांच्या बोल्टांवरही आम्ही अशाच खुणा करतो.

सांगलीत तेव्हा सकाळ होती. वडिलांना फोन लावला. त्यांना रायफलीचं मुळीच अप्रूप नाही, काळजीच जास्त. पण ओळंब्याचं सांगितल्यावर एकदम म्हणाले, “दोरीला वारा लागत नव्हता ना रे? गोळा पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवायचा, लगेच थांबतो.” हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सूर्य वर यायच्या आत रेंजवर गेलो. वारा नव्हता. बोल्ट काढून पिशव्यांवर टेकवलेल्या रायफलीच्या नळीतून पन्नास यार्डांवरचा काळा ठिपका गोलाच्या मधोमध आणला आणि रायफलीला धक्का न लावता टरेट फिरवून फुलीही त्याच ठिपक्यावर नेली. एवढ्यानं पहिली गोळी कागदावर तरी लागते.

मग शंभर यार्ड. लंबन इथे साधलं. दुर्बिणीच्या डाव्या बाजूचं चाक असतं ते फिरवायचं, आणि चित्र स्पष्ट झालं म्हणून थांबायचं नाही. डोकं पिशवीवर स्थिर रायफलीमागे किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचं. फुली लक्ष्यावर पोहत असल्यासारखी सरकते का बघायचं. सरकली तर लक्ष्याची प्रतिमा आणि फुली आत एकाच प्रतलात नाहीत. ती खिळल्यासारखी होईपर्यंत चाक फिरवायचं. चाकावर जे यार्डांचे आकडे छापलेले असतात ते फक्त दिशा दाखवतात, माझ्या दुर्बिणीवर शंभरचं लंबन छापलेल्या शंभरच्या थोडं पुढे जातं.

पाच गोळ्या. मध्ये टरेटला हात नाही. हे माझ्यासाठी सगळ्यांत अवघड होतं. पहिली गोळी खाली-उजवीकडे दिसली तेव्हा बोटं टरेटकडे गेलीच. पण एका गोळीला जागा नसते, पाच गोळ्यांच्या गटाला असते. गट जुन्या रुपयाखाली झाकला जाईल एवढा, आणि त्याचा मध्य फुलीच्याच खुणांनी मोजला तर ०.८ मिल खाली, ०.४ उजवीकडे. इंच, पट्टी काहीच लागलं नाही. आठ क्लिक वर, चार डावीकडे. पुढच्या पाच गोळ्यांचा गट ठिपक्यावर. आदल्या आठवड्यात साठ गोळ्यांत जे झालं नाही ते दहा गोळ्यांत झालं. टरेटचे बारीक स्क्रू सोडून आकडा शून्यावर आणला, आतली रोधकडी बसवली, म्हणजे आता अंधारातही उलट फिरवत नेलं तर ते शून्यावरच अडेल.

इथे बहुतेक जण थांबतात. मला थिओडोलाइटची उजवी बाजू-डावी बाजू आठवत होती. एकच कोन यंत्र उलटं करून दुसऱ्यांदा वाचायचा, यंत्र खोटं बोलत असेल तर तिथे पकडलं जातं. दुर्बिणीचं खोटं पकडायची रीत अशी: उंच कागद उभा करायचा, त्यावर ओळंब्यानं उभी रेघ मारायची, तळाशी एक ठिपका. नेम कायम तळाच्या ठिपक्यावर. आधी शून्यावर पाच गोळ्या, मग टरेट दहा मिल वर चढवून पाच. शंभर यार्डांवर दहा मिल म्हणजे ३६ इंच, एवढ्या उंचीवर दुसरा गट पडला पाहिजे. अंतर मात्र खरं हवं. लेझरवर विसंबलो असतो तर एका यार्डाची चूक म्हणजे एक टक्का झाली असती, आणि मी शोधत होतो तीच चूक तेवढी असण्याचा संभव. म्हणून कामावरची पोलादी टेप आणून तीनशे फूट मोजले.

दोन गटांच्या मध्यांत ३५.३ इंच भरले. दोनदा मोजलं, मग त्या गृहस्थांना मोजायला लावलं. तेवढेच. गट रेघेच्या बाजूला एका सुताइतकाही गेला नव्हता, म्हणजे गॅरेजमधलं काम चोख होतं. परत शून्यावर आणून मारलेल्या पाच गोळ्या पहिल्या गटातच मिसळल्या, म्हणजे यंत्र परत येण्यात पक्कं होतं. फक्त त्याचं मिल दोन टक्के लहान होतं. आठ मिल मागितले की ते ७.८४ देणार. हजार यार्डांवर पावणेसहा इंचांचा खड्डा. हे कळल्यावर वाईट वाटलं नाही, उलट फार बरं वाटलं. टेप किती आखूड आहे ते एकदा कळलं की तिनं बिनदिक्कत मोजता येतं, सर्व्हेत आपण दुरुस्ती लावतोच. वहीत लिहिलं: ०.९८ नं भागणे.

गणिताच्या ॲपमध्ये बाकीचे आकडे भरले. गोळीचा वेग पेटीवर सेकंदाला २७१० फूट लिहिलेला, माझ्या नळीतून यंत्रानं सरासरी २६८० दाखवला. तोच भरायचा. नळीच्या मध्यापासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंतची उंची कॅलिपरनं मोजून दोन इंच. आणि हवेचा दाब, जिथे मी जवळजवळ पुन्हा घसरलो होतो. हवामानाच्या ॲपवरचा दाब समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो, तीस इंच पाऱ्याच्या आसपास, मग तुम्ही मुंबईत असा की डोंगरावर. मी स्पर्धेला जाणार होतो न्यू मेक्सिकोत रॅटनला, साडेसहा हजार फुटांच्या आसपास. तिथली खरी हवा साडेतेवीस इंचांच्या जवळची, विरळ, गोळीला कमी अडवणारी. चुकीचा दाब भरला असता तर ॲपनं पाऊण मिलच्या आसपास जास्त चढण सांगितली असती आणि गोळी दोन फुटांहून वरून गेली असती. हातात धरायचं छोटं हवामान यंत्र घेतलं, ते असतो त्या जागेचा दाब सांगतं.

रॅटनचं व्हिटिंग्टन सेंटर १९७३ पासूनचं. ३३ हजार एकरांचा माळ, मागे डोंगर. कोलोरॅडोतून दक्षिणेला जाताना रॅटनची खिंड उतरली की येतं. पहाटे सगळ्या स्क्रूंवरच्या लाल रेघा भिंगातून तपासल्या, दोनशे मैलांच्या प्रवासात एकही तुटली नव्हती. तिथल्या दाबाला ॲपनं ७.९ सांगितले. वहीतल्या ०.९८ नं भागून ८.१ वर टरेट. पंचवीस पटीवर चित्र उकळत्या पाण्यासारखं हलत होतं म्हणून अठरावर आलो. लंबन पुन्हा साधलं. बुडबुडा मध्यावर. श्वास सोडला आणि चाप मागे आला.

लक्ष्य खाली गेलं. खंदकातली माणसं भोक शोधून त्यात बिल्ला खोचतात आणि लक्ष्य पुन्हा वर करतात. त्याला काही सेकंद लागतात, मला ते फार लांबले. लक्ष्य वर आलं तेव्हा बिल्ला आठच्या वर्तुळात, डावीकडे अकरा इंच. पण उंची! आडव्या मध्यरेषेच्या वर जेमतेम दोन इंच. या रायफलीनं त्याआधी हजार यार्डांवर एकही गोळी मारलेली नव्हती. मी क्षणभर वारा विसरूनच गेलो.

वारा मी ताशी दोन मैलांनी कमी वाचला होता. या अंतरावर ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला दीड मिलच्या आसपास नेतो, दोन मैल म्हणजे ०.३. उंचीचं टरेट तसंच ठेवलं, आडव्यावर तीन क्लिक. दुसरी गोळी दहात. त्यापुढच्या वीस गोळ्यांत मी नऊ खूप मारले, तीन आठ मारले, जवळजवळ सगळे डावी-उजवीकडचे, वाऱ्याचे. माझा क्रमांक खालून मोजायला सोपा होता. उंचीमुळे गेलेले गुण मात्र मी वहीत मोजले, ते दोन होते. क्लबातल्या त्या गृहस्थांनी वही बघितली, म्हणाले पुढच्या वर्षी पाव किंवा अष्टमांश मिनिटाच्या क्लिकची दुर्बीण बघ, अष्टमांश म्हणजे इथे सव्वा इंचाला एक क्लिक, तुझी साडेतीनची क्लिक या खेळाला जाड पडते. त्यांचं बरोबर आहे. पण नवीन आणली तर तिलाही पुन्हा ओळंबा, पुन्हा उंच कागद.

टरेट उलट फिरवून शून्यावर आणलं, ते अडलं. बोल्ट काढला, नळीत पिवळी सुरक्षापट्टी घातली, रायफल पेटीत ठेवली. पुढच्या तुकडीसाठी खंदकात आमची पाळी होती. खाली उतरून मी लक्ष्याची दोरी हातात घेतली, आणि पहिली गोळी डोक्यावरून फटका मारत गेली तसं लक्ष्य खाली ओढून भोक शोधायला लागलो.